ॲडालिमुमॅबची सिरिंज आणि विदर्भातला मे महिना : दीड वर्षाच्या वापरानंतरचे परीक्षण

मला ॲन्किलोझिंग स्पॉन्डिलायटिस, म्हणजे मणक्यांचा दाहक संधिवात आहे. गेल्या दीड वर्षापासून मी ॲडालिमुमॅब या दाह कमी करणाऱ्या औषधाची ४० मिलिग्रॅमची भरलेली सिरिंज दर दोन आठवड्यांनी स्वतःच टोचून घेतो. राहायला यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात आहे आणि औषध नागपूरहून येते. गुणाविषयी एवढेच सांगतो की, पूर्वी सकाळी पाठ मोकळी व्हायला तासभर लागत असे, ते तिसऱ्या महिन्यापासून दहा-पंधरा मिनिटांवर आले. माझी तक्रार औषधाविषयी नाहीच. ती खोक्यातल्या माहितीपत्रकाविषयी आहे.

माहितीपत्रक सांगते की सिरिंज २ ते ८ अंशांत ठेवावी, गोठू देऊ नये, उजेडापासून जपावी आणि गरज पडल्यास २५ अंशांपर्यंतच्या तापमानात जास्तीत जास्त १४ दिवस बाहेर ठेवता येते. मी पहिल्यांदा हे वाचले तेव्हा १४ दिवसांच्या सवलतीवर निर्धास्त झालो होतो. मग मे महिना आला, आणि कूलर सुरू असतानाही माझ्या खोलीतला पारा ३४ च्या खाली उतरत नाही, हे मी मोजून पाहिले. २५ अंशांची खोली आमच्याकडे थंडीतच मिळते, त्यामुळे ती सवलत उन्हाळ्यात आमच्यासाठी नाहीच, असे धरून चालावे. (घरच्यांनी सिरिंज माठाजवळ ठेवण्याचा उपाय सुचवला होता, माठ पाण्यासाठी उत्तम, या औषधासाठी नाही.)

त्याहून घातक चूक उलट दिशेची असते. एका दुकानदाराने उन्हाची काळजी म्हणून खोके थेट बर्फाच्या लादीवर ठेवून दिले होते. घरी आल्यावर सिरिंजमधले द्रव गोठलेले दिसले आणि तासाभराने ते विरघळून पूर्वीसारखे स्वच्छ झाले. एकदा गोठलेले हे औषध विरघळल्यावर कितीही स्वच्छ दिसले तरी वापरायचे नसते, म्हणून ते फेकावे लागले आणि एका सिरिंजचे पैसे बुडाले. आता मी स्वतःचा थर्मास नेतो, त्यात थंड जेलच्या पिशव्या घालतो आणि त्यांच्या व खोक्याच्या मध्ये जाड टॉवेल ठेवतो. घरच्या फ्रीजमध्ये सिरिंजची जागा मधल्या कप्प्यात. दारात नाही आणि बर्फाच्या कप्प्याला टेकून तर मुळीच नाही. वादळात डीपी जळून दोन दिवस वीज गेली, त्या वेळी हाच थर्मास आणि आत ठेवलेला तीस रुपयांचा थर्मामीटर कामी आला.

टोचण्याची क्रिया अवघड नाही. सिरिंज फ्रीजमधून काढून १५ ते ३० मिनिटे तशीच ठेवायची, ऊन किंवा गरम पाणी दाखवायचे नाही, हलवायची नाही. द्रव गढूळ असेल किंवा त्यात कण दिसले तर वापरायची नाही. मांडीवर किंवा बेंबीपासून चार बोटे दूर पोटावर, दर वेळी जागा बदलून टोचावी. सुरुवातीला मी एकादशीच्या हिशेबाने घेत होतो, पण तिथीचे गणित १४ दिवसांशी जुळेना, म्हणून एक सोडून एक बाजाराचा दिवस ठरवला. ते मात्र अजून चुकले नाही.

सगळ्यात महत्त्वाची बाब क्षयरोगाची, आणि तीच माहितीपत्रकात बारीक इंग्रजी अक्षरांत दडली आहे. हे औषध टीएनएफ नावाच्या प्रथिनाला रोखते. तेच प्रथिन शरीरात सुप्त पडलेल्या क्षयाच्या जंतूंना कोंडून ठेवण्याचे काम करत असते, त्यामुळे ते रोखले की झोपलेले जंतू उठू शकतात. म्हणून इंजेक्शन सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे आणि मॅन्टू (कातडीत टोचून करायची क्षयाची) चाचणी, शिवाय हिपॅटायटिस बी साठी रक्ततपासणी करून घ्यायची असते. माझी मॅन्टू वाढलेली निघाली, एक्स-रे स्वच्छ होता. डॉक्टरांनी आयसोनियाझिड हे क्षयाचे औषध सहा महिने दिले आणि त्याचा पहिला महिना झाल्यावरच इंजेक्शन सुरू केले. ज्याला या तपासण्यांशिवाय कुणी सिरिंज लिहून दिली असेल, त्याने पहिली टोचण्याआधी डॉक्टरांना त्याविषयी विचारावेच.

ताप आला की मी त्या आठवड्याची सिरिंज न घेता आधी तज्ज्ञ डॉक्टरांना फोन करतो. श्रावणात असाच ताप आला असता गावातल्या डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे सलाईनची तयारी केली, तेव्हा मी हे औषध घेतो अशी खिशातली चिठ्ठी दाखवून मी रक्ततपासणीचा आग्रह धरला. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, उतरते वजन, रात्रीचा घाम यांपैकी काहीही असेल तर या औषधावर असलेल्याने वाट पाहू नये. जिवंत जंतूंच्या लशीही घ्यायच्या नाहीत.

वापरलेल्या सुया उकिरड्यावर टाकू नयेत. तिथे कोंबड्या असतात आणि मुले असतात. मी त्या झाकण असलेल्या जाड प्लास्टिकच्या बरणीत साठवतो आणि बरणी भरली की प्राथमिक आरोग्य केंद्रात देतो. गेल्या वेळी तिथल्या परिचारिकेने बरणी घेताना माहितीपत्रक मराठीत का नसते असे विचारले, आणि मला उत्तर देता आले नाही.