मीटरवर १६.८ दिसलं आणि मी पैसे पाठवले

रिमोटवर चालणारी जुनी इलेक्ट्रिक बोट विकत घ्यायच्या विचारात असाल, तर आधी माझं ऐका. मोटरला प्रोपेलर जुळवणं, शाफ्टला ग्रीस भरणं ही कामं मी बरीच वर्षं स्वतः करतोय. तरीही फसलो.

जाहिरातीत लिहिलं होतं, फक्त दोनदा पाण्यात उतरवलेली बोट, सोबत चार सेलचा ५००० एमएएच क्षमतेचा कोरा लिपो पॅक, म्हणजे लिथियम-पॉलिमर बॅटरी. विकणारा बोलायला लाघवी. न मागताच त्यानं व्हिडिओ पाठवला, पॅकला मीटर लावलेला आणि आकडा १६.८ व्होल्ट. म्हणजे प्रत्येक सेल ४.२ व्होल्ट, काठोकाठ भरलेला. मी आगाऊ पैसे देऊन टाकले.

बोट आली. झाकणाच्या कडेला टेप लावून पाण्यात सोडली. पहिली वीसेक सेकंदं सुसाट गेली, मग वेग पडला. थ्रॉटल सोडून पुन्हा दिला, पुन्हा पडला, आणि काठापासून बरीच लांब जाऊन ती थांबलीच. गळाच्या दोरीला टेनिसचा चेंडू बांधून, फेकून फेकून ओढून आणावी लागली. झाकण उघडलं तर पॅक हाताला चटका देत होता आणि एका बाजूनं फुगला होता.

पॅक मोकळ्या जागी, वाळूवर निवू दिला. मग चार्जरवर एकेका सेलचा अंतर्गत रोध पाहिला, म्हणजे सेल स्वतःच विजेला किती अडवतो ते; सेल थकला की तो वाढतो. तीन सेल ७ ते ९ मिलीओम, तिसऱ्या क्रमांकाचा मात्र २१. एवढ्या क्षमतेचा चांगला सेल दोन-चार मिलीओमच्या आसपास असतो. शंका आली म्हणून पॅक वजनकाट्यावर ठेवला, ३५६ ग्रॅम. ५००० चा चार सेलचा पॅक साधारण अर्धा किलो भरतो! वरचं चकचकीत वेष्टण अलगद कापलं, तर आत दुसरं वेष्टण. त्यावर नखानं खरवडलेलं जुनं लेबल होतं आणि ३३०० हा आकडा स्वच्छ वाचता येत होता. तिसऱ्या सेलच्या जोडावर हिरवट गंज चढला होता.

मीटर खोटं बोलत नव्हतं, यातच खरी मेख आहे. थकलेला सेलही भार नसताना, म्हणजे त्यातून वीज ओढली जात नसताना, ४.२ दाखवतो. माझी मोटर जोरात असताना ८० अँपिअर सहज ओढते. ८० अँपिअर आणि २१ मिलीओम म्हणजे त्या एका सेलमध्येच जवळजवळ १.७ व्होल्टची घट. ४.२ चा सेल क्षणात अडीचवर येतो, बाकीच्यांचीही घट मिळून सगळ्या पॅकचा व्होल्टेज पडतो, मोटरचा वेग सांभाळणारा स्पीड कंट्रोलर बॅटरी संपली असं समजून मोटरची वीज तोडतो, आणि शंभराहून जास्त वॉटची उष्णता त्या सेलमध्येच कोंडते. आग लागली नाही हे नशीब.

मग ‘दोनदा उतरवलेली’ हेही तपासलं. फ्लेक्स शाफ्ट, म्हणजे मोटरपासून प्रोपेलरपर्यंत जाणारा पिळलेल्या तारांचा लवचिक दांडा, नळीतून बाहेर ओढला. वर ताजं ग्रीस थापलेलं, पुसलं तर खाली तांबूस गंज, आणि एका जागी तारांचा पीळ सुटलेला. असा शाफ्ट भर वेगात तुटला तर प्रोपेलरसकट मागून निसटतो आणि त्याच नळीतून पाणी आत शिरतं.

त्याला सगळे फोटो पाठवले. उत्तर आलं, ‘तुम्हीच चुकीचं चार्ज केलंत.’ त्यानंतर मला ब्लॉक केलं.

आता कुणी बोट दाखवली की मी पॅक काट्यावर ठेवायला सांगतो, प्रत्येक सेलचा रोध चार्जरच्या पडद्यावर मागतो, आणि शाफ्ट बाहेर काढून फडक्यानं पुसायला लावतो. बोट स्टँडवर ठेवून मोटर गरगर फिरवली तर त्याला भुलू नका. तिथे प्रोपेलरवर पाण्याचा भारच नसतो. पाण्यात पूर्ण वेगानं तीन मिनिटं चालवून लगेच झाकण उघडून दाखवा, असं म्हणा. प्रामाणिक विकणारा कुरकुरेल, पण दाखवेल.

तो फुगलेला पॅक मी पूर्ण डिस्चार्ज करून जुन्या बॅटऱ्या घेणाऱ्यांकडे दिला. गेल्या आठवड्यात एक नवी जाहिरात पाहिली. बोट वेगळी, विकणाऱ्याचं नाव वेगळं. पण मीटर तोच, खालची चटई तीच, आणि आकडाही १६.८.