एलजी-१ घेऊन नऊ महिने: आवाज पटला, स्टँडने घात केला

स्टँडच्या रबराने माझ्या गिटारच्या नेकवर दोन चिकट डाग पाडले, म्हणून आज लिहायला बसलो. नाहीतर वर्ष पूर्ण झाल्यावर लिहिणार होतो.

गिटार गिब्सनची एलजी-१, १९५०च्या दशकातली, मिशिगनमधल्या कॅलमझूच्या कारखान्यातली. मी डेट्रॉइटजवळ राहतो. ती इथून दोन-अडीच तासांवर घडली, याचं फार अप्रूप वाटलं होतं. तिचीच महागडी बहीण एलजी-२ परवडत नव्हती. बाहेरून दोघी सारख्याच: स्प्रूसचा टॉप, महोगनीची पाठ, मधोमध मधासारखा पिवळा आणि कडेला काळपट होत जाणारा सनबर्स्ट. फरक आत आहे. टॉपला आतून आधार देणाऱ्या लाकडी पट्ट्या एलजी-२ला इंग्रजी एक्ससारख्या (एक्स ब्रेसिंग), हिला शिडीसारख्या आडव्या.

पहिले दोन महिने वाटलं, पैसे वाचवायला गेलो आणि पस्तावलो. जोरात स्ट्रमिंग केलं की आवाज कोरडा, खर्ज तोकडा, सूर लगेच विझायचा. मग बोटांनी वाजवायला लागलो आणि मत बदललं. सूर रेंगाळत नाही म्हणूनच एकेक तार सुटी ऐकू येते. आता एलजी-२ची हळहळ उरलेली नाही.

पण ते डाग! या गिटारवर नायट्रोसेल्युलोज लॅकर, म्हणजे व्हार्निशसारखा पातळ लेप आहे. रबरातली द्रव्यं त्यात उतरतात आणि ते मऊ पडतं. स्टँडच्या खोक्यावर ‘सर्व गिटारांसाठी’ असं छापलेलं होतं. कंपनीला फोटो पाठवले, तर जबाबदारी आमची नाही म्हणाले. वीस डॉलरच्या स्टँडने इतकी वर्षं टिकलेला थर खाल्ला, हा राग अजून जात नाही.

एक दुरुस्तीवाला म्हणाला, सगळी गिटार घासून नव्याने फवारू, टॉपवरच्या बारीक भेगाही जातील. मी तिथूनच ती उचलून घरी आणली. सनबर्स्टचा रंग लाकडात मुरलेला नसतो, लॅकरच्या थरांतच फवारलेला असतो. घासलं की तोच जाणार. आणि त्या भेगा म्हणजे इतक्या हिवाळ्यांत लाकूड आकसलं-फुगलं, ठिसूळ झालेल्या लॅकरला ते झेपलं नाही, त्याच्या खुणा. त्या मला हव्या आहेत.

दुसऱ्याने डागापुरतंच काम केलं. नायट्रोचा नवा थर जुन्यात विरघळून एकजीव होतो, म्हणून हे जमतं. चिकटा काढून थेंबाथेंबाने लॅकर भरलं, काही आठवडे वाळू दिलं, मग घोटलं. एक डाग आता हाताला लागत नाही. दुसरा नेकवरच्या पाचव्या फ्रेटमागे (धातूच्या पट्टीमागे) आहे. अंगठा तिथे आला की दर वेळी कळतो.

गिटार आता केसमध्येच असते, हिवाळ्यात आतली आर्द्रता ४५ टक्क्यांखाली जाऊ देत नाही. स्टँड गॅरेजमध्ये पडलाय. तो कुणाला द्यायलाही मन धजत नाही.