दर वेळी उन्हाळीच नसते! (डोंबिवली, ओटीपोटाची फिजिओथेरपी, ५ पैकी ४ स्टार)

दोन वर्षांत पाच-सहा वेळा उन्हाळी लागली मला, म्हणजे मी तरी उन्हाळीच समजत होते. लघवीला जळजळ, ओटीपोट जड, आत्ता जाऊन आलं की परत जावंसं वाटणार. धने-जिऱ्याचं पाणी झालं, बार्ली झाली, मग केमिस्टकडून मागच्या वेळचीच अँटिबायोटिकची गोळी तीन दिवस. शेवटी आमच्या डॉक्टर वैतागल्या, आधी लघवीचं कल्चर, म्हणजे जंतू उगवतात का ती तपासणी, मग गोळी (गोळी सुरू केल्यावर सॅम्पल दिलं तर जंतू असूनही उगवत नाहीत, हे मला तेव्हा कळलं). एकदा ई. कोलाय निघाला, नंतर दोन्ही वेळा 'नो ग्रोथ', पण जळजळ तश्शीच. मग युरॉलॉजिस्टनी सोनोग्राफी वगैरे बघून इथे पाठवलं.

पहिल्या दिवशी पाऊण तास नुसते प्रश्न. संडासला कुंथावं लागतं का, संबंधांच्या वेळी दुखतं का, ऑफिसात दाबून ठेवता का. घरी तीन दिवस डायरी, किती पाणी प्यायले, किती वेळा गेले, आणि दर वेळी मापायचं!! स्वयंपाकघरातला जुना मापाचा जग बाथरूममध्ये गेला तो गेलाच. दिवसाला १५ वेळा आणि बहुतेकदा ८०-१०० मिली, मोठ्या माणसाच्या मूत्राशयात तर ४०० सहज मावतं. कारण काय, तर घरातून निघताना लागो न लागो जाऊन यायचं ही आईची शिकवण, आणि लोकलच्या भीतीने पाणीच प्यायचं नाही.

आतून तपासायच्या आधी फिजिओथेरपिस्टनी नीट समजावलं, नको असेल तर नको म्हणा म्हणाल्या. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळून बसलेत असं निघालं आणि मी शहाणी यूट्यूब बघून लोकलमध्ये केगल, म्हणजे तेच स्नायू आवळायचा व्यायाम, करत होते! ते आधी बंद. "मूठ उघडतच नाहीये, अजून काय आवळताय," म्हणाल्या. मग पोटाने श्वास, संडासात पायाखाली स्टूल, आणि घाई लागली की पळायचं नाही, उभं राहून टाचा वर-खाली करायच्या, लाट ओसरली की सावकाश जायचं. आठ सेशननंतर दिवसाला ७-८ वेळा, जळजळ क्वचित. ताप-थंडी, कुशीत दुखणं किंवा लघवीत रक्त दिसलं तर इथे नाही, त्याच दिवशी डॉक्टरकडे, हे पहिल्याच कागदावर लिहून दिलं होतं, ते आवडलं.

एक स्टार कापला कारण तिसरा मजला आणि लिफ्ट कायम बंद, 'अंग बाहेर येतं' म्हणून आलेल्या एक आजी कठडा धरून चढत होत्या, बघवेना. शिवाय रिसेप्शनवरची मुलगी सगळ्यांसमोर मोठ्याने विचारते, काय त्रास आहे! एका सेशनचे १२०० आणि माझ्या मेडिक्लेमने दिले नाहीत. पुरुषांनाही घेतात, प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर गळती होणारे एक काका माझ्याच वेळेला असायचे. शनिवार आठवडाभर आधी भरतो, जुने कल्चर रिपोर्ट सगळे घेऊन जा, मी विसरले तर परत पाठवलं.