ब्रिटनची ऑनलाइन मतदार नोंदणी: भारतीय पासपोर्टवाल्यांनीही जरूर करावी

ब्रिटिश सरकारच्या 'रजिस्टर टू व्होट' या सेवेला माझ्याकडून पाचपैकी चार तारे.

इथल्या मराठी घरांत अजूनही अनेकांना माहीत नसलेली गोष्ट आधी सांगते. मत द्यायला ब्रिटिश पासपोर्ट लागत नाही. भारत राष्ट्रकुलात आहे, त्यामुळे वर्क व्हिसावर, स्टुडंट व्हिसावर किंवा डिपेंडंट म्हणून राहणाऱ्या भारतीय नागरिकालाही कौन्सिलच्या (म्हणजे आपल्याकडच्या पालिकेसारख्या स्थानिक संस्थेच्या) आणि पार्लमेंटच्या निवडणुकीत मत देता येतं. आयएलआरची, म्हणजे इथे कायम राहण्याच्या परवानगीची, वाट बघायची गरज नाही. भेटीला आलेल्या आईबाबांना मात्र नाव नोंदवता येत नाही, कारण ते इथले रहिवासी नसतात.

फॉर्म अगदी सुटसुटीत आहे. नाव, पत्ता, जन्मतारीख, राष्ट्रीयत्व आणि नॅशनल इन्शुरन्स नंबर हाताशी असला की पाचेक मिनिटांत काम होतं, पैसे लागत नाहीत. 'ओपन रजिस्टर'चा, म्हणजे मतदार यादीच्या खुल्या प्रतीचा, प्रश्न तेवढा नीट वाचा. ती यादी कुणालाही विकत घेता येते, त्यामुळे मी सगळ्यांना त्यातून नाव वगळायला सांगते.

नव्याने आलेल्या कुटुंबांचे फॉर्म भरताना मी शेजारी बसते, तेव्हा एक गोंधळ पुन्हा पुन्हा दिसतो. कौन्सिलकडून दरवर्षी घरात कोण कोण राहतं हे विचारणारं पत्र येतं. एका वहिनींच्या घरी त्याचं उत्तर नवऱ्याने दिलं होतं आणि आपलं नाव यादीत लागलं, असं त्या धरून चालल्या होत्या. तसं होत नाही. २०१४ पासून प्रत्येकाने स्वतःची नोंदणी स्वतः करायची असते.

तारा कापला तो भाषेसाठी. ऑनलाइन फॉर्म इंग्रजी आणि वेल्श या दोनच भाषांत आहे. पंजाबी, उर्दू, बंगाली, गुजराती बोलणारी इतकी माणसं या देशात राहतात, आणि त्यांच्यातल्या ज्येष्ठांना मुलं घरी येईपर्यंत थांबावं लागतं. शिवाय संकेतस्थळ जागेवरून हलत नाही, माणसंच त्याच्याकडे यावी लागतात. आमच्या कौन्सिलच्या निवडणूक कार्यालयाला विनंती केली, तर तिथल्या एक बाई लॅपटॉप घेऊन मंडळाच्या कार्यक्रमाला आल्या. लोकांनी त्यांना पहिला प्रश्न विचारला तो व्हिसाचा: नाव नोंदवलं तर पुढे अडचण येईल का? हा कायद्याने दिलेला हक्क आहे, काही अडचण येत नाही, हे त्यांच्या तोंडून ऐकल्यावर टेबलासमोर रांग लागली. गुरुद्वारा, मशीद, इंग्रजीचे वर्ग, जिथे माणसं आधीपासून जमतात तिथे असं टेबल लागायलाच हवं. एरवी आपण कौन्सिल टॅक्स भरत राहतो आणि वाचनालय कुठलं बंद करायचं, रस्ता कुठला दुरुस्त करायचा हे आपल्याला न विचारता ठरतं.

वॉर्डात दहावीस मतांनीही निकाल फिरू शकतो. १८९२ साली दादाभाई नौरोजी फिन्सबरी सेंट्रलमधून पार्लमेंटवर गेले तेसुद्धा बोटांवर मोजण्याइतक्या मतांनी!

इंग्लंडमध्ये २०२३ पासून मतदान केंद्रावर फोटो ओळखपत्र दाखवावं लागतं. त्यासाठी भारतीय पासपोर्ट चालतो, मुदत संपलेला असला तरी, फोटोवरून ओळख पटली म्हणजे झालं. ज्यांच्याकडे कुठलंच चालणारं ओळखपत्र नाही त्यांना मोफत प्रमाणपत्र मिळतं, पण त्यासाठी आधी अर्ज करावा लागतो.

आणि आयएलआर असलेल्यांनो, तुम्हाला कौन्सिलर म्हणून उभंही राहता येतं. इंग्लंडमध्ये त्यासाठी वॉर्डातल्या दोन मतदारांच्या सह्या लागतात, अनामत रक्कम नसते. ही माहिती नोंदणी पूर्ण झाल्यावर त्याच पानावर दिसायला हवी, अशी माझी सूचना आहे.

नोंदणीची मुदत मतदानाच्या १२ कामकाजाचे दिवस आधी, मध्यरात्री संपते. मतदान सकाळी ७ ते रात्री १०, त्यामुळे शिफ्ट करणाऱ्यांनाही जमतं.