राजकीय सभेतील निषेधाचा हक्क शिकवणारा ऑनलाइन वर्ग: एक अभिप्राय

राजकीय सभेत निषेध नोंदवण्याचा हक्क कोठपर्यंत पोहोचतो, हे शिकवणारा एका नागरी हक्क संस्थेचा ऑनलाइन वर्ग मी नुकताच पूर्ण केला. कार्यकर्त्यांनी तो अवश्य करावा, असे माझे मत आहे. मात्र त्यातली एक उणीव गंभीर आहे.

वक्त्याला विरोध ऐकवणे आणि त्याची सभाच बंद पाडणे या दोहोंमधला भेद हा या वर्गाचा गाभा असून तो फार समर्थपणे मांडला आहे. त्यासाठी कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाचा १९७० चा निकाल घेतला आहे. एका लोकप्रतिनिधीच्या भाषणात काही श्रोत्यांनी घोषणा दिल्या, टाळ्या वाजवल्या, तरीही भाषण पूर्ण झाले. सभेच्या कामकाजात मोठा अडथळा आल्याखेरीज तो गुन्हा ठरत नाही, असे सांगून न्यायालयाने निषेधकांच्या शिक्षा रद्द केल्या. त्याच्या जोडीला युरोपीय मानवाधिकार न्यायालयाचा १९८८ चा निकाल येतो: प्रतिनिदर्शने करण्याचा हक्क दुसऱ्यांचा निदर्शनांचा हक्क हिरावण्यापर्यंत जाऊ शकत नाही, आणि शांततेने जमलेल्यांना विरोधकांपासून संरक्षण देण्यासाठी वाजवी उपाय योजणे हे शासनाचे कर्तव्य आहे. हे दोन्ही निकाल शेजारी ठेवून शिकवणे मला सर्वांत मोलाचे वाटले, कारण आज आपण घोषणा देणारे असलो, तरी उद्या व्यासपीठावर आपणच असू शकतो.

पोलिसांच्या निर्बंधांवरचा भाग आटोपशीर, पण अचूक आहे. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीच्या २०२० च्या भाष्यानुसार निदर्शने शक्यतो ज्यांच्याविरुद्ध आहेत त्यांना दिसतील व ऐकू येतील अशा ठिकाणी होऊ द्यावीत. सुरक्षेचे कारण देऊन निषेधकांना दूरच्या कुंपणात नेऊन बसवले जाते, तेव्हा नेमका हाच आधार उपयोगी पडतो.

उणीव आहे ती खासगी सभागृहाबाबत. बहुतेक संघर्ष तिथल्या दारातच होतात. आयोजकाला प्रवेश नाकारता येतो का, आत गेल्यावर बाहेर जाण्यास सांगितले आणि आपण थांबलो तर तो अतिक्रमणाचा गुन्हा होतो का, सुरक्षारक्षकाला अंगाला हात लावता येतो का, यांतल्या एकाही प्रश्नाला स्वतंत्र पाठ नाही. मी हे प्रश्न लेखी विचारले असता केवळ स्थानिक वकिलाला भेटण्याचा सल्ला मिळाला. कायदे प्रदेशागणिक बदलतात हे मान्य आहे, तरी वकिलाला नेमके काय विचारावे याची यादी देणे संस्थेला सहज शक्य होते. ज्यांची निदर्शने रस्त्यावर किंवा मैदानात होणार आहेत, त्यांना हा वर्ग पुरेसा आहे. बंद सभागृहात जाणाऱ्यांनी त्याआधी वकिलाचा सल्ला घ्यावाच.