ड्राय नीडलिंगच्या कोर्सच्या नावाखाली माझे ५४,२३९ रुपये गेले, फिजिओवाल्यांनी तरी वाचा

ड्राय नीडलिंग म्हणजे स्नायूतल्या दुखऱ्या गाठीत औषध न भरता बारीक सुई टोचायची पद्धत. आधी हिशोब सांगते, म्हणजे नंतर "किती गेले, किती गेले" विचारायला नको. कोर्स फी २४,९९९ (अर्ली बर्ड, हो), नीडल किट ४,८००, "इंटरनॅशनल रजिस्ट्रेशन" ८,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे ९,४४०, शिवाय अ‍ॅडव्हान्स मोड्यूलची सीट धरून ठेवायला १५,०००. झाले ५४,२३९. सर्टिफिकेट मात्र मिळालं, सोनेरी कडांचं.

मी बीपीटी, म्हणजे फिजिओथेरपीची डिग्रीवाली, चोपड्याकडे छोटं क्लिनिक आहे. पेशंट म्हणजे कापूस वेचणाऱ्या बायका आणि केळीचे घड खांद्यावर वाहणारी माणसं. "ताई, मन्हा खांदा भलता दुखी ऱ्हायना" हे दिवसातून चार जण तरी म्हणतात. मानेच्या बाजूला हात घातला की गाठ लागते, दाबली की कळ थेट कानामागे जाते. आयएफटी, म्हणजे मशीनचा सौम्य करंट, देऊन दोन दिवस बरं वाटतं, परत तेच. म्हणून ड्राय नीडलिंग शिकायचं होतं, हौस म्हणून नाही. पुण्या-मुंबईला जायचं तर क्लिनिक बंद, वर राहण्याचा खर्च, आणि घरी सासूबाईंचं आजारपण. जळगावला तीन दिवसांचा कोर्स येतोय म्हटल्यावर कोणीही भरले असते. पोस्टरवर पांढऱ्या कोटातले फोटो, दोन देशांचे झेंडे, सगळं व्यवस्थित होतं हो.

आता ते सांगते ज्याने अजून रात्री झोप लागत नाही. पहिल्या दिवशी चहाच्या सुट्टीत माझ्या शेजारचा मुलगा, चांगला धष्टपुष्ट, हळूच विचारतो, "मॅडम, ते ट्रॅपेझियस ट्रॅपेझियस म्हणतात ते नेमकं कुठे असतं?" मानेपासून खांद्या-पाठीवर पसरलेला स्नायू तो, मला वाटलं गंमत करतोय. मी विचारलं कुठल्या कॉलेजचा, तर म्हणे जिममध्ये ट्रेनर आहे. त्याच्या पलीकडच्या ताईंचं ब्युटी पार्लर. पोस्टरवर लिहिलेलं "फक्त हेल्थकेअर प्रोफेशनल्ससाठी"! आणि तेव्हा लक्षात आलं की माझाही रजिस्ट्रेशन नंबर कोणी विचारला नव्हता, डिग्री मागितली नव्हती, फक्त यूपीआयचा स्क्रीनशॉट मागितला होता. चहाचा कप हातात तसाच राहिला. आता घरचे म्हणतात, तेव्हाच उठून यायचं ना. उठून काय करणार होते? पैसे आधीच गेलेले, फॉर्मच्या शेवटी बारीक अक्षरात नॉन रिफंडेबल, आणि हॉलमध्ये माझ्यासारखे डिग्रीवाले पण बसलेच होते की, ते कुठे उठले? जो कोर्स तुमचा फिजिओथेरपी परिषदेचा रजिस्ट्रेशन नंबर विचारत नाही त्याला एक रुपया देऊ नका. बस, एवढं एक पाळलं तरी पुष्कळ.

शिकवणारा "सर" कसला तर बोलायला एकदम गोड. स्लाइडवर ट्रॅव्हेल आणि सायमन्स यांचं नाव होतं. आमच्यातल्या एकाने विचारलं सर ट्रॅव्हेल कोण, तर उत्तर आलं, "ती फॉरेनची कंपनी आहे." अहो, जॅनेट ट्रॅव्हेल म्हणजे अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांची डॉक्टर, ट्रिगर पॉइंटचे, म्हणजे स्नायूतल्या दुखऱ्या गाठींचे, सगळे नकाशे तिच्या आणि सायमन्सच्या कामावर उभे आहेत, आणि हा माणूस त्यावर कोर्स घेतोय! डेमोला त्याने खांद्यावर सुई सरळ खाली घातली, पोत्यात दाभण खुपसावं तशी. वरच्या ट्रॅपेझियसला स्नायू चिमटीत धरून वर उचलायचा आणि सुई त्या चिमटीतच ठेवायची, कारण खाली फुफ्फुसाचं टोक असतं, भोक पडलं तर न्यूमोथोरॅक्स होतो, म्हणजे फुफ्फुसाबाहेर छातीत हवा साठते, हे मला वाचून माहीत होतं, त्याला शिकवून माहीत नव्हतं. रक्त पातळ करायची गोळी कोणी घेतं का, कोणी प्रेग्नंट आहे का, काही विचारलं नाही. वापरलेल्या सुया पाण्याच्या रिकाम्या बाटलीत. बायोमेडिकल वेस्टच्या नियमाप्रमाणे धारदार वस्तूंना पांढरा, टोचून आरपार जाणार नाही असा डबा लागतो, हे आमच्या मावशींना पण पाठ आहे. मी माझ्या खांद्यावर कोणाला टोचू दिलं नाही, तेवढी अक्कल देवाने ठेवली.

किटचं तर काय सांगू. घरी येऊन बॉक्स बघितला तर एक्सपायरीवर स्टिकर. नखाने एक कोपरा उचलला, अर्धा निघाला, अर्धा चिकटून फाटला, खाली जुनी तारीख दिसली, केव्हाच उलटून गेलेली. शंभर सुयांचा बॉक्स बाजारात काही शेकड्यांत मिळतो. स्टिकरवर स्टिकर दिसला की तिथेच उघडा, सगळ्यांसमोर.

मग अ‍ॅडव्हान्सची तारीख पुढे, परत पुढे, मग नंबर बंद. सर्टिफिकेटवरचा क्यूआर कोड आता स्कॅन केला तर काहीच उघडत नाही. पावतीवर जीएसटी नंबर आहे, मोजला तर १३ अक्षरं. खरा १५ अक्षरांचा असतो, महाराष्ट्रातला २७ ने सुरू होतो, जीएसटीच्या साइटवर टाकला की नाव येतं. पैसे द्यायच्या आधी टाका, माझ्यासारखं नंतर नाही. पण पावतीवरची अक्षरं मोजत बसतं कोण, सांगा.

आता साहेब लोकांकडे येते. पोलीस स्टेशनला गेले तर पहिला प्रश्न, "कोर्स झाला ना? सर्टिफिकेट मिळालं ना? मग फसवणूक कशी?" किट टेबलावर ठेवलं, स्टिकर दाखवला, तर म्हणे हे औषधवाल्यांच्या खात्यात द्या. त्या खात्यात गेले तर म्हणे मॅडम, पोलिसात जा. परत आले तर साहेब बंदोबस्ताला. मग नवीन सूर, की पैसे चोपड्यातून पाठवले, कोर्स जळगावला, खातं गुजरातचं, म्हणजे आमच्या हद्दीत येत नाही. मी म्हटलं नवीन कायद्यात हद्द नसली तरी झिरो एफआयआर घेता येतो, तर माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच आरोपी. एक जण हसून विचारतो, "सुई टोचायचा कोर्स म्हणजे कंपाउंडरचा ना?" डिग्रीचे साडेचार वर्षं घालवली ती हे ऐकायला. शेवटी साध्या कागदावर अर्ज घेतला, पोच मागितली तर शिक्का सापडेना! शिक्का समोरच्या ड्रॉवरमध्ये होता, मला दिसत होता. बँकेचं तर एकच पालुपद, तुम्ही स्वतः पिन टाकून पाठवलेत. हो टाकला पिन, बंदुकीच्या धाकाने पाठवले असते तर तुमच्याकडे कशाला आले असते?

ऑनलाइन पैसे गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनला त्याच तासात फोन करा, मला हे कोणी महिनाभर सांगितलंच नाही. अर्जाची पोच मिळाल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका. आणि जाहिरातवाल्याने पाठवलेले मेसेज डिलीट करू नका, रागाच्या भरात मी अर्धे केले.

नातेवाइकांना मी कोर्स छान झाला असंच सांगितलंय. गावात क्लिनिक चालवायचं आहे, "ही बाईच फसली, ही काय आपल्याला बरं करणार" असं सुरू व्हायला वेळ लागत नाही.

परवा तोच माणूस दुसऱ्या नावाच्या पोस्टरवर दिसला, धुळ्याची बॅच, अर्ली बर्ड २६,९९९. मी जिल्हा ग्राहक आयोगात जातेय, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही आणि दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. एकाच प्रकारे फसलेल्या अनेकांना आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करता येते. जळगावच्या त्या बॅचला जे होते त्यांनी पावती आणि किटचा बॉक्स फेकू नका, स्टिकर आहे तसाच राहू द्या, आणि मला कळवा. त्या जिमवाल्या मुलाने पण कळवलं तरी चालेल, पैसे त्याचेही गेलेच आहेत.