कोल्डप्लेचे 'म्युझिक ऑफ द स्फिअर्स' आणि 'मून म्युझिक': अनेक महिन्यांच्या श्रवणानंतर

नव्या अल्बमवर पहिल्या आठवड्यात लिहिलेले परीक्षण बहुतेक वेळा केवळ पहिल्या प्रभावाचे परीक्षण असते. म्हणून कोल्डप्ले या ब्रिटिश रॉक बँडचे 'म्युझिक ऑफ द स्फिअर्स' (2021) आणि त्याचा दुसरा खंड म्हणून आलेला 'मून म्युझिक' (2024) हे दोन्ही अल्बम मी कित्येक महिने नियमित ऐकण्यात ठेवले, कधी हेडफोनवर, कधी स्पीकरवर, कधी इतर काम करताना आणि कधी दुसरे काहीही न करता, आणि अधूनमधून याच बँडचे जुने अल्बम त्यांच्या शेजारी लावून पाहिले. 'पॅराशूट्स' या पहिल्या अल्बमपासून हा बँड ऐकत आलेल्या श्रोत्याचा हा अनुभव आहे, आणि माझे मत सुरुवातीलाच नोंदवतो: दोन्ही अल्बम ऐकायला सुखद आहेत, त्यांचे ध्वनिमुद्रण निर्दोष आहे, परंतु त्यांतली बहुतेक गाणी फार लवकर संपतात. संपतात याचा अर्थ असा, की काही दिवसांनी त्या गाण्यात ऐकण्याजोगे काही उरत नाही.

जुन्या चाहत्यांची नाराजी या दोन अल्बमपासून सुरू झालेली नाही. 2011च्या 'मायलो झायलोटो'मध्ये पॉप गायिका रिहाना आली तेव्हाच कुजबुज सुरू झाली होती. 2014च्या 'घोस्ट स्टोरीज'सारख्या अंतर्मुख अल्बममध्ये अवीची या स्वीडिश डीजेसोबत केलेले 'अ स्काय फुल ऑफ स्टार्स' हे नृत्यगीत अनेकांना खटकले, 2015च्या 'अ हेड फुल ऑफ ड्रीम्स'साठी स्टारगेट ही पॉप निर्मात्यांची जोडी घेण्यात आली आणि 2017 मध्ये द चेनस्मोकर्स या नृत्यसंगीताच्या जोडीबरोबरचे 'समथिंग जस्ट लाइक धिस' आले. 2019चा 'एव्हरीडे लाइफ' हा विस्कळीत पण धाडसी अल्बम ऐकून वाट बदलते आहे असे वाटले होते. त्यानंतर दोनच वर्षांनी स्वीडिश पॉप निर्माते मॅक्स मार्टिन यांच्या निर्मितीखाली 'म्युझिक ऑफ द स्फिअर्स' आला आणि तो प्रश्न निकाली निघाला.

या नाराजीचा नेहमीचा उच्चार 'बँड विकला गेला' असा असतो, आणि तो मला आळशी वाटतो. कोल्डप्ले हा बँड कधीच भूमिगत किंवा बंडखोर नव्हता. 2000 साली 'यलो' ब्रिटनच्या यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत गेले होते आणि 'क्लॉक्स'ला 2004च्या ग्रॅमी सोहळ्यात 'रेकॉर्ड ऑफ द इयर' हा पुरस्कार मिळाला होता. मोठी, गुणगुणता येणारी चाल ही त्यांची पहिल्यापासूनची ओळख आहे. 'गिटार कुठे गेली' हा दुसरा आक्षेपही फार पुढे नेता येत नाही, कारण 2008चे 'व्हिवा ला व्हिदा' हे गाणे जवळजवळ संपूर्णपणे तंतुवाद्यांच्या समूहावर, ढोलासारख्या घनगंभीर ठोक्यावर आणि घंटेवर उभे आहे आणि त्याबद्दल कोणत्याही जुन्या चाहत्याने कुरकुर केल्याचे मला आठवत नाही. तेव्हा आक्षेप घ्यायचा असेल तर तो अधिक नेमका असायला हवा.

माझ्या मते हरवलेली गोष्ट आहे ती चार माणसांची एकमेकांशी असलेली वाद्यांची देवाणघेवाण. 'पॅराशूट्स'वरील गाण्यांचे श्रेय चौघांना सामाईक दिलेले आहे आणि ते ऐकूही येते. 'यलो'मध्ये जॉनी बकलँडची गिटार नेहमीच्या स्वरजुळणीत नाही. तिच्या तारा वेगळ्या लावलेल्या असल्यामुळे त्या साध्या वाटणाऱ्या सुरावटीला एक किंचित बोचरी, अधांतरी चमक येते, जी दुसऱ्या कोणत्याही जुळणीत तशी येत नाही. 'इन माय प्लेस'ची सुरुवात विल चॅम्पियन एकटाच ड्रम्सवर करतो, आणि गिटार येण्याच्या आधीच त्या ठेक्याचे वजन गाण्याचा सगळा स्वभाव ठरवून टाकते. 'क्लॉक्स'मधील पियानोची उतरती आवर्तने आठ मात्रांना तीन, तीन आणि दोन अशा गटांत तोडतात, तर खाली ड्रम्स सरळ चारांत चालत राहतात. या दोन चालींतला जो ताण आहे तो पहिल्यांदा ऐकताना केवळ जाणवतो, पुष्कळ नंतर तो दिसू लागतो, आणि दिसू लागल्यावरही त्याची गंमत कमी होत नाही. 'ॲम्स्टरडॅम'मध्ये तर बराच काळ पियानो आणि आवाज एवढेच आहे, आणि संपूर्ण बँड चौथ्या मिनिटाच्या आसपास एकदम येऊन आदळतो. तो क्षण येणार हे माहीत असूनही त्याची वाट पाहावी लागते, आणि ही वाट पाहायला लावण्याची ताकद मला त्या काळातल्या कोल्डप्लेचा सर्वांत मोठा गुण वाटते. बासवादक गाय बेरीमनबद्दल फारसे कोणी लिहीत नाही, परंतु चांगल्या हेडफोनवर 2002चा 'अ रश ऑफ ब्लड टू द हेड' केवळ बासकडे लक्ष ठेवून एकदा ऐकावा. तो एक वेगळाच अल्बम आहे.

आता 'म्युझिक ऑफ द स्फिअर्स'कडे येतो. 'हायर पॉवर' हे मे 2021 मध्ये आलेले पहिले गाणे पहिल्या ऐकण्यात विलक्षण आकर्षक वाटते. ऐंशीच्या दशकातल्या सिंथची (सिंथेसायझरची) झळाळी, पळता ठेका, आणि ध्रुवपद येण्याआधी श्वास रोखून धरल्यासारखी एक छोटी पोकळी, हे सारे कौशल्याने रचलेले आहे. पंधरवड्यानंतर ते आवडत होते. दोन-तीन महिन्यांनंतर मात्र माझ्या ध्यानात आले की मी ते लावतो खरा, पण ऐकत नाही. गाण्याच्या प्रत्येक थराने आपले सर्व काही पहिल्याच भेटीत सांगून टाकलेले असते. सिंथ, टाळ्या, दुपटीने ध्वनिमुद्रित केलेला आवाज आणि त्यावर चढवलेला प्रतिध्वनी हे एकाच वेळी, एकाच उंचीवर समोर येतात. 'ह्युमनकाइंड'ची कथा वेगळी नाही. ड्रम्स काटेकोर मोजपट्टीवर बसवलेले असल्यामुळे चॅम्पियनच्या हाताचा तो किंचित मागे रेंगाळणारा ठोका ऐकू येत नाही, आणि बकलँडची गिटार बहुतेक ठिकाणी सजावटीच्या पातळीवर उरते.

'माय युनिव्हर्स' हे बीटीएस या कोरियन पॉप गटासोबतचे गाणे अमेरिकेच्या बिलबोर्ड हॉट 100 यादीत थेट पहिल्या क्रमांकावर दाखल झाले. त्याच्या लेखनात बीटीएसच्या सदस्यांचाही वाटा आहे आणि कोरियन ओळी जिथे येतात तिथे गाण्याला खरोखर नवा सूर मिळतो, हे मान्य करायला हवे. पाहुणे कलाकार आले म्हणून नाक मुरडणाऱ्या चाहत्यांशी मी सहमत नाही. अडचण ध्रुवपदाची आहे. ते इतके गुळगुळीत आहे की मनाला धरून ठेवायला त्यात एकही खाच सापडत नाही. काही महिन्यांनी हे गाणे मला रोज एकाच रस्त्याने जाताना दिसणाऱ्या जाहिरात फलकासारखे झाले: रंग लक्षात आहेत, नजर मात्र त्यावर थांबत नाही.

या बदलाचे सगळे खापर निर्मात्यावर फोडणे सोपे आहे. 1998 मध्ये ब्रिटनी स्पिअर्सच्या पहिल्या गाण्यापासून आजपर्यंत मॅक्स मार्टिन यांनी पॉप संगीताची अर्धी भाषा घडवली आहे, आणि कोणता स्वर कितव्या शब्दावर यावा याचा हिशेब त्यांच्याइतका पक्का फार थोड्यांचा असेल. (हेच गृहस्थ तरुणपणी स्वीडनमध्ये 'इट्स अलाइव्ह' नावाच्या ग्लॅम मेटल बँडचे गायक होते, ही गोष्ट रॉकच्या कट्टर चाहत्यांनी अवश्य लक्षात ठेवावी.) परंतु निर्माता हा बँडच निवडतो. निर्माते ब्रायन ईनो यांनी 'व्हिवा ला व्हिदा'च्या वेळी या चौघांना त्यांच्या सवयींपासून दूर नेले आणि तरीही ते चौघेच ऐकू येत राहिले. इथे सवयी मोडलेल्या नाहीत, त्या सरळ बाजूला ठेवून त्यांच्या जागी तयार व्याकरण आणले आहे.

या निवडीमागे परिस्थितीचा दाब असणार, हेही समजण्यासारखे आहे. स्पॉटिफायसारख्या सेवेवर गाणे तीस सेकंद वाजले की ते ऐकले गेले असे मोजले जाते, तर 'यलो'मध्ये पहिला शब्द यायलाच जवळपास तेवढा वेळ लागतो. दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते, ते म्हणजे स्टेडियम. 2012च्या दौऱ्यापासून प्रेक्षकांच्या मनगटांवर चमकणारे पट्टे आले, आणि मार्च 2022 मध्ये कोस्टा रिकातून सुरू झालेल्या 'म्युझिक ऑफ द स्फिअर्स'च्या दौऱ्यात तर प्रेक्षकांच्या नाचण्यातून आणि सायकलच्या पायडलांतून वीज निर्माण करण्याची सोय होती. एवढ्या मोठ्या समुदायाला एकाच क्षणी उडी मारायला लावणारे गाणे वेगळ्या मापाने शिवावे लागते. 'इन्फिनिटी साइन' या तुकड्यात तर मैदानावरच्या गर्दीचा 'ओले'चा गजरच मिसळलेला आहे. ही गाणी तिथे, त्या प्रकाशात, उत्तम काम करत असतील यात मला शंका नाही. घरी, रात्री, एकट्याने ऐकणाऱ्यासाठी मात्र त्यांत खुर्ची ठेवलेली नाही, आणि जुन्या चाहत्यांपैकी बहुतेकांचे या बँडशी असलेले नाते नेमके तशा ऐकण्यातून जुळलेले आहे.

या अल्बममध्ये टिकलेली गाणीही आहेत, आणि ती कोणती निघाली याचे मला आश्चर्य वाटले. पहिल्या आठवड्यात जुन्या चाहत्यांनी 'पीपल ऑफ द प्राइड' डोक्यावर घेतले होते, कारण त्यात जाड, गुरगुरणारी गिटार आहे. ती गिटार मला आज रॉकचा पोशाख घातल्यासारखी वाटते. तिच्या खालचा सांगाडा बाकीच्या गाण्यांचाच आहे. उलट जिथे वाद्ये जवळजवळ नाहीतच, असे हृदयाचे चिन्ह हेच शीर्षक असलेले, वी आर किंग आणि जेकब कॉलिअर यांच्यासोबतचे आवाजांचे गाणे अजूनही दर वेळी वेगळे उलगडते. त्यात स्वर एकमेकांना घासून जातात, एखादा आवाज मध्येच खाली सरकतो आणि सबंध स्वरमेळाचा रंग पालटतो. सेलेना गोमेझसोबतचे 'लेट समबडी गो' शांत आहे, नेटके आहे; त्याबद्दल याहून जास्त सांगण्यासारखे नाही.

आणि शेवटी 'कलरात्युरा'. दहा मिनिटांहून लांब असलेले हे गाणे सुमारे 42 मिनिटांच्या अल्बमचा जवळपास चतुर्थांश भाग व्यापते. पियानो, तंतुवाद्ये, मध्येच उघडणारी विस्तीर्ण जागा, आणि तिच्यात बकलँडची सरकत्या स्वरांची गिटार, जिला अखेर बोलायला वेळ दिलेला आहे. हे गाणे आठवड्यातून एकदाच ऐकण्याचा नियम मी स्वतःला घालून घेतला, आणि तो पाळणे सोपे गेले नाही. नाराजी तीव्र होते ती याच ठिकाणी. हे करण्याची क्षमता उरलेलीच नसती तर दुःख वाटले असते, तक्रार वाटली नसती. त्याच चौघांनी, त्याच अल्बममध्ये, त्याच निर्मात्यांच्या सोबतीने हे करून दाखवले आहे आणि मग उरलेला अर्धा तास दुसऱ्या कामाला दिला आहे.

'मून म्युझिक'बद्दल थोडक्यात. प्रत्यक्ष वस्तू म्हणून ही तबकडी दखल घेण्याजोगी आहे, कारण तिच्या प्रत्येक प्रतीसाठी नऊ प्लास्टिक बाटल्यांचा पुनर्वापर केलेला आहे. संगीताच्या बाबतीत पहिल्या खंडाचेच गुणदोष सौम्य होऊन आले आहेत. जॉन हॉपकिन्ससोबतचे शीर्षकगीत आणि इंद्रधनुष्याचे चिन्ह शीर्षक म्हणून घेतलेला, अमेरिकन कवयित्री माया अँजेलो यांचा आवाज वापरणारा लांब तुकडा यांत हवा आहे, विराम आहेत. 'जुपिटर'ची ध्वनिक गिटार आणि साधेपणा मला आवडला. 'ऑल माय लव्ह' जुन्या पियानोगीतांच्या जवळ जाते, परंतु त्याची चाल पुढे कुठे वळणार हे पहिल्या ओळीतच कळते. 'वी प्रे'मध्ये रॅपर लिटल सिम्झ येते तेवढा भाग जिवंत आहे. 'गुड फीलिंग्ज' मी काही आठवड्यांतच वगळू लागलो.

असे वळण घेणारा हा पहिला बँड अर्थातच नाही. 1972 मध्ये तेवीस मिनिटांची रचना करणाऱ्या जेनेसिस या ब्रिटिश रॉक बँडने 1986 मध्ये 'इन्व्हिजिबल टच' काढला तेव्हा त्यांच्या जुन्या श्रोत्यांनाही असाच धक्का बसला होता, आणि त्याच अल्बममुळे त्यांना कितीतरी नवे श्रोते मिळाले. 'माय युनिव्हर्स'मुळे कोल्डप्लेकडे आलेल्या तरुण श्रोत्यांशी बोलताना मला आढळले, की त्यांच्यापैकी काही जण तिथून मागे चालत 'पॅराशूट्स'पर्यंत पोहोचले आहेत. त्यांना या प्रवासात विश्वासघात दिसत नाही, कारण ते उलट दिशेने आले आहेत.

घ्यावा की नाही, या प्रश्नाला माझे उत्तर श्रोत्यानुसार बदलते. व्यायाम, प्रवास किंवा मित्रमंडळी जमली असताना मागे काही प्रसन्न वाजत राहावे एवढीच अपेक्षा असेल, तर दोन्ही अल्बम ती चोख पुरी करतात. 2002 किंवा 2008चा कोल्डप्ले शोधणाऱ्याने 'म्युझिक ऑफ द स्फिअर्स' पूर्ण विकत घेण्याआधी 'कलरात्युरा' आणि ते हृदयाच्या चिन्हाचे गाणे वेगळे ऐकावे, आणि त्यानंतर 'एव्हरीडे लाइफ'कडे जावे, ज्याच्यावर या सगळ्या वादात अन्याय झाला आहे. विशेषतः फेमी कुटी आणि स्ट्रोमाय यांच्यासोबतचे 'अरबेस्क', ज्यात अखेरीस सॅक्सोफोन आवरेनासा होतो आणि त्याला कोणी आवरतही नाही.